कपलरमधले शंभर ओहम: कूलंटचं तापमान खोटं दाखवणारी गाडी

मे महिन्यातला रविवार, खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी गाड्यांची रांग. पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. घाट चढायचा म्हणून सवयीनं एसी बंद केला आणि काचा खाली घेतल्या. मोबाईलवर ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं, ॲप चालू होतं, त्यात कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान ९४ अंश. डॅशबोर्डवरचा काटाही शहाण्या पोरासारखा मध्यावर बसलेला. आणि तरी बॉनेटच्या फटीतून तो गोडसर वास आला, जो एकदा नाकात बसला की विसरत नाही. कूलंट टाकीच्या झाकणातून उकळून बाहेर येत होतं. फॅन ढिम्म.

गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक. हे दुखणं फेब्रुवारीत सुरू झालं होतं. चेक लाइट लागला, गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तर कोड आला पी ०१२८. याचा अर्थ एवढाच की इंजिन ठरलेल्या वेळात ठरलेल्या तापमानाला पोचलेलं दिसत नाही. नेहमीचा संशयित म्हणजे उघडा अडकलेला थर्मोस्टॅट, इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. बदलला. तीन आठवडे सगळं ठीक, मग पुन्हा तेच: हायवेला ७८ अंश, ॲव्हरेज लिटरला दोन किलोमीटरनं कमी. मग कूलंटच्या तापमानाचा सेन्सर बदलला. पुन्हा तीन आठवडे बरे गेले. मग ‘हा डुप्लिकेट निघाला असेल साहेब’ म्हणून आणखी एक सेन्सर. त्यानंतर खंबाटकी.

प्रत्येक दुरुस्तीनंतर तीन आठवडे गाडी बरी का चालायची, हा प्रश्न मी फार उशिरा विचारला. उत्तर पुढे येईलच. आधी सेन्सर काय करतो ते बघू, कारण ते कळल्याशिवाय पुढच्या चाचण्या नुसते तोडगे वाटतील.

कूलंटचा सेन्सर तापमान मोजत नाही. तो फक्त आपला रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, बदलतो (तो ओहममध्ये मोजतात): गार असताना जास्त, गरम झाल्यावर कमी. ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, त्याला आपल्या आतल्या एका रेझिस्टरमधून ५ व्होल्ट देतो, सेन्सरवर किती व्होल्ट उरले ते पाहतो आणि आतल्या कोष्टकातून अंश काढतो. आपल्याकडच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत सेन्सरचे आकडे साधारण असे असतात: २० अंशांना अडीच हजार ओहम, ४० ला साडेअकराशेच्या आसपास, ६० ला सहाशे, ८० ला सव्वातीनशे, १०० ला एकशे नव्वदच्या आत. काही कंपन्यांचं कोष्टक पार वेगळं असतं, म्हणून आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघूनच पुढे जावं.

या आकड्यांकडे जरा नीट बघा. गार इंजिनात अडीच हजार, गरम इंजिनात अडीचशे. आता वाटेत कुठेतरी खराब जोडामुळे शंभर ओहम वाढले असं समजा. सकाळी गार गाडीत अडीच हजाराचे सव्वीसशे होतात, म्हणजे जेमतेम एक अंशाचा फरक. कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण ९० अंशांना २४३ चे ३४३ होतात आणि ईसीयूला वाटतं इंजिन ७८ वर आहे. खरं तापमान ११८ वर जातं तेव्हा ईसीयूला ९४ दिसतात. माझ्या गाडीचा फॅन ९८ ला लागतो. मग तो लागणार कसा?

असा दोष गार गाडीत पकडता येत नाही. आणि गॅरेजमध्ये गाडी बहुतेक वेळा गार असतानाच तपासली जाते.

आता शोध कसा घ्यायचा. पहिला प्रश्न सेन्सरचा नाहीच. इंजिन खरंच त्या तापमानाला आहे का, ते आधी ठरवा. आणि त्याच्याही आधी कूलंटची पातळी बघा, सकाळी, गाडी पूर्ण गार असताना. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दर उन्हाळ्यात कोणीतरी भाजून घेतं. आत सुमारे एक बारचा दाब असतो. झाकण सैल केलं की तो दाब उतरतो आणि सगळं एकदम उकळून अंगावर येतं. पातळी कमी असेल तर सेन्सरचं टोक कूलंटमध्ये नसून हवेत असतं. तेव्हा काटा खाली दाखवतो आणि इंजिन आत भाजत असतं. अशा वेळी सेन्सरला दोष देणं म्हणजे विहीर आटली म्हणून पोहऱ्याला शिव्या देणं.

मग रात्रभर उभी राहिलेली गाडी. किल्ली फक्त ऑन करा, इंजिन सुरू करू नका आणि ॲपमध्ये दोन आकडे बघा: कूलंटचं तापमान आणि इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान. गार गाडीत दोन्ही जवळपास सारखे आणि बाहेरच्या हवेएवढे हवेत, दोन-तीन अंश इकडेतिकडे चालतात. हवा २७ आणि कूलंट ४५ दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर संशयात आली. माझ्याकडे हवा २७, कूलंट २६. मी खूश झालो आणि सेन्सरला क्लीन चिट दिली. ही चाचणी दोष सापडला तर खरी. सापडला नाही तर काहीच सिद्ध करत नाही. हे मला तेव्हा उमगलं नव्हतं.

खरी परीक्षा गरम गाडीत. लेझर लाल ठिपका पाडणारी तापमानाची बंदूक आता सहज मिळते, पण तिची एक खोड आहे: चकचकीत ॲल्युमिनियमवर ती खूप कमी आकडा दाखवते. म्हणून गाडी गार असतानाच थर्मोस्टॅटच्या घराला, सेन्सरच्या जवळ, काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून ठेवा आणि नंतर बंदूक त्या टेपवर रोखा. धातूचं बाहेरचं अंग कूलंटपेक्षा थोडं गार असतंच. माझ्या गाडीत ॲप ७८ सांगत होतं आणि टेप ८८. बाहेरचं अंग आतल्या पाण्यापेक्षा दहा अंशांनी गरम कसं असेल? तिथेच समजलं की थर्मोस्टॅट उगाच बदलला.

बंदूक नसेल तर थर्मोस्टॅटचा निकाल रेडिएटरच्या वरच्या होजवरून लागतो. गार गाडी सुरू केल्यावर बराच वेळ होज गार राहतो आणि मग एकदम तापतो, तर थर्मोस्टॅट वेळेवर उघडतोय. सुरुवातीपासून होज हळूहळू कोमट होत गेला तर तो उघडा अडकलाय आणि मग ७८ खरेच असू शकतात. हात लावताना फॅनपासून लांब. तो न सांगता सुरू होतो.

आता आकडे अगदीच टोकाचे असतील तर काम सोपं आहे. ॲप उणे ४० दाखवत असेल तर सर्किट तुटलंय: वायर कुरतडलेली, कपलर (वायरी सेन्सरला जोडणारा प्लग) निघालेला किंवा सेन्सर आतून मेलेला. १३० च्या आसपास अडकून बसला असेल तर कुठेतरी शॉर्ट. पहिल्याचा कोड पी ०११८, दुसऱ्याचा पी ०११७. इग्निशन बंद करून कपलर काढा, पुन्हा ऑन करा: आकडा उणे ४० ला गेला पाहिजे. मग कपलरच्या दोन टर्मिनलमध्ये वायरचा छोटा तुकडा लावा: आकडा वरच्या टोकाला गेला पाहिजे. दोन्हीकडे गेला तर वायर धड आहे, सेन्सर बदला. नाही गेला तर सेन्सरचे पैसे वाचले, वायर शोधा. काही गाड्यांत ईसीयू दोष ओळखल्यावर उणे ४० न दाखवता स्वतःचा ठरलेला आकडा पुढे करतो आणि फॅन सतत फिरवतो. तिथे आकड्यापेक्षा कोडवर विश्वास ठेवा. फॅन थांबतच नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांनी आधी हेच बघावं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी आठवडाभर उभी राहिली असेल तर उंदराचाही तपास घ्यावा.

पण माझी गाडी या परीक्षेतही पास झाली. कपलर काढला, उणे ४०. टर्मिनल जोडले, वरचं टोक. कारण ही चाचणी फक्त ‘तार आहे की नाही’ एवढंच विचारते. तारेत थोडी लबाडी आहे का, हे ती विचारत नाही.

गाडी गरम असताना इंजिन बंद केलं, कपलर काढला आणि मल्टिमीटर, म्हणजे ओहम आणि व्होल्ट मोजायचं मीटर, थेट सेन्सरच्या दोन पिनांना लावला. २४८ ओहम. कोष्टकात म्हणजे ८९ अंश. टेप काय म्हणत होती? ८८. म्हणजे सेन्सर खरं बोलतोय. तोच, जो मी दोनदा बदलला.

मग पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन दोन रेझिस्टर आणले, एक ३३० ओहमचा आणि एक २.२ किलोओहमचा. पहिल्यावर नारंगी-नारंगी-तपकिरी पट्टे, दुसऱ्यावर तीन लाल. दुकानदारानं ‘दोनच?’ असं अशा नजरेनं विचारलं की शेवटी दहा-दहा घेतले. माझ्या मते दोन वायरींच्या कुठल्याही तापमान सेन्सरसाठी याहून स्वस्त आणि याहून प्रामाणिक हत्यार नाही. रेझिस्टर म्हणजे असा सेन्सर, ज्याचं तापमान आपल्याला आधीच माहीत आहे. ३३० ओहम लावले की ॲपनं ७९ च्या आसपास म्हणायला हवं, २.२ किलोओहमला २३ च्या आसपास.

२.२ किलोओहमवाला कपलरमध्ये खोचला: २२. ठीक. ३३० वाला खोचला: ७०. रेझिस्टरचा पाय बारीक असतो, तो टर्मिनलमध्ये सैल बसला असेल म्हणून पाय दुमडून दुहेरी केले. ७१. कपलर बोटांनी हलकेच डावीकडे दाबला: ७८. सोडला: ७२. पुन्हा दाबला: ७६. ॲपवरचा आकडा बोटांबरोबर नाचत होता, आणि मी पार्किंगमध्ये एकटाच हसत होतो.

एक गोष्ट उरली होती. खोट कपलरच्या टर्मिनलमध्येच आहे की पुढे वायरमध्ये? दोन टाचण्या घेतल्या आणि कपलरच्या मागून, वायरच्या कडेनं, रबरी सीलमधून हळूच आत सरकवल्या, टर्मिनलच्या मागच्या भागाला टेकतील अशा. तोच ३३० चा रेझिस्टर टाचण्यांना लावला. ७९. बोटांनी वायर हलवली तरी ७९. निकाल लागला. वायर चांगली, ईसीयू चांगला, सेन्सर चांगला. फक्त सेन्सरची पिन जिथे टर्मिनलमध्ये शिरते तो दाण्याएवढा जोड खराब.

मागून लावूनही आकडा कमीच आला असता तर पुढची वाट अर्थिंगची होती. इंजिन चालू, मल्टिमीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल वायर सेन्सरच्या अर्थ वायरला टाचणीनं. तिथे शून्याच्या जवळ, फार तर ०.०५ व्होल्ट दिसावेत. त्याहून जास्त असतील तर गाडीच्या अर्थचे जोड उघडून घासून घट्ट करा. एकाच वेळी दोन-तीन सेन्सर येड्यासारखे वागायला लागले तर मी हीच चाचणी सगळ्यात आधी करीन.

कपलर भिंगाखाली धरला. एका टर्मिनलच्या तोंडाशी हिरवट बुरशीसारखा थर, तांब्यावर येतो तसा. आणि ते टर्मिनल दुसऱ्यापेक्षा स्पष्ट रुंद झालेलं. हिरवा थर आला पाण्यानं. गाडी धुताना प्रेशर पंपाचा फवारा इंजिनवर मारायची हौस आपल्याकडे फार. पण टर्मिनल रुंदावलं कशानं? तर माझ्याच मल्टिमीटरच्या जाड टोकानं. मागच्या वर्षी, काहीही बिघडलेलं नसताना, नवीन मीटर आणला म्हणून मी ते टोक त्यात खुपसून व्होल्ट मोजले होते. गॅरेजवाल्यांना नावं ठेवून झाल्यावर हे आठवलं.

आणि तीन आठवड्यांचं कोडंही तिथेच सुटलं. थर्मोस्टॅट बदलताना कपलर काढला आणि परत लावला. सेन्सर बदलताना पुन्हा काढला आणि परत लावला. दर वेळी पिन टर्मिनलमध्ये घासली जायची, वरचा थर खरवडला जायचा आणि जोड काही दिवस बरा व्हायचा. गुण यायचा तो नव्या पार्टचा नसायचा, कपलर काढून लावण्याचा असायचा. म्हणून नवीन पार्ट बसवल्यावर गाडी बरी झाली, एवढ्यावरून जुना पार्ट खराब होता असं मी आता मानत नाही. पार्ट न बदलता कपलर नुसता काढून लावा आणि चार दिवस थांबा. तेवढ्यानंच फरक पडला तर खोट जोडात आहे.

दुरुस्तीत सांगण्यासारखं फार नाही. ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे गेलो. ‘काका, सेन्सर नको, नुसता कपलर वायरसकट नवीन टाका,’ म्हटल्यावर त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग टाचण्यांकडे पाहिलं. नवा कपलर, दोन्ही जोड वेगवेगळ्या अंतरावर सोल्डर करून वर गरम करून आवळणारी नळी. नुसती टेप गुंडाळून भागवू देऊ नका. इंजिनच्या उष्णतेनं तिचा डिंक वितळतो आणि पुढच्या पावसाळ्यात पहिले पाढे पंचावन्न. टर्मिनल रुंद झालेलं नसेल, फक्त मळलेलं असेल, तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा पुरतो. त्या कामाला पेट्रोल वापरू नका.

सेन्सर खरंच संशयात असेल तर तो काढून पाण्यात तपासता येतो. जुना डबा, पाणी, तापमापी आणि मल्टिमीटर. पाणी तापवत २०, ४०, ६०, ८० ला ओहम लिहून घ्यायचे. पुण्यात पाणी १०० ला उकळत नाही, उंचीमुळे ९८ च्या आसपास उकळतं, तेव्हा उकळत्या पाण्याला डोळे झाकून १०० समजू नका. आणि चहाचं भांडं घेऊ नका. सेन्सरवर चिकटलेलं कूलंट विषारी असतं, शिवाय गोड असतं, म्हणून सांडलेलं कूलंट कुत्री-मांजरं चाटतात. ते लगेच धुऊन टाका.

कूलंट बदलल्यानंतर लगेच आकडा उड्या मारायला लागला, ८५ वरून १०५, पुन्हा ८२, तर सेन्सरकडे बघूच नका. आत हवेचा बुडबुडा राहिलाय. गाडीचं नाक चढावर करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे हवा काढा.

काट्यावर विसंबणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. बऱ्याच नव्या गाड्यांत काटा मुद्दाम आळशी केलेला असतो: साधारण पंचाहत्तरपासून शंभरच्या पुढेपर्यंत तो मध्यावरून हलतच नाही, गिऱ्हाईक घाबरू नये म्हणून. काही गाड्यांत तर काटाच नाही, निळा दिवा आणि लाल दिवा. आणि जुन्या कित्येक गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा, एका वायरचा, आणि ईसीयूचा वेगळा, दोन वायरींचा. अशा गाडीत काटा आणि ॲप यांचं पटत नसेल तर आधी कुठला सेन्सर बदलतोय ते बघून घ्या. चुकीचा बदललेले लोक मला भेटले आहेत.

राहता राहिला आपला देशी उपाय. खंबाटकीनंतर रस्त्याकडेच्या एका मिस्त्रीनं मला अगदी प्रेमानं सांगितलं होतं, ‘साहेब, फॅन डायरेक्ट करून देतो, म्हणजे सतत फिरेल, थर्मोस्टॅट काढून टाकतो, परत हीट मारली तर बोला.’ गाडी हीट मारणार नाही, हे खरं. पण इंजिन कधी तापणारच नाही, ईसीयू त्याला कायम गारठलेलं समजून पेट्रोल जास्त पाजत राहील, ऑइलमधला ओलावा उडणार नाही आणि ॲव्हरेजची रड कायमची. रात्री दोन वाजता घाटात अडकलात तर फॅन डायरेक्ट करून घरी या. त्या वेळी तो मिस्त्री देवमाणूस. घरी आल्यावर मात्र तो जुगाड काढा.

त्या दिवशी मला एसीनं वाचवलं असतं, हे नंतर कळलं. माझ्या गाडीत, आणि बहुतेक गाड्यांत, एसी लावला की रेडिएटरचा फॅनही फिरतो. म्हणूनच शहरात, एसी लावून, तीन महिने काही बिघडलं नव्हतं; आणि इंजिनवर दया करायला म्हणून घाटात तो बंद केला तर त्याच दिवशी कूलंट उकळलं. कोणी ‘एसी बंद केला की गाडी हीट होते’ असं उलटं वाटणारं काही सांगत असेल तर हसू नका, फॅनची आणि सेन्सरची वायर बघा.

नवीन कपलर बसवल्यावर पार्किंगमध्ये, एसी बंद ठेवून, गाडी पंचवीस मिनिटं उभ्या-उभ्या चालवली. टेपवर बंदूक, मांडीवर मोबाईल. ८८, ९१, ९५. ९७ ला माझाच जीव वर आला. ९८ ला फॅन खर्रकन् सुरू झाला, आकडा ९३ वर उतरला, फॅन थांबला. अजून तीनदा तसंच होऊ दिलं.

उरलेले अठरा रेझिस्टर गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात आहेत, टाचण्यांच्या डबीसोबत.